ज्याला दिसत नाही, त्याला हेडसेट कशाला?

आभासी वास्तव, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, हा विषय निघाला की ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी विचारतंच: ‘हे तर डोळ्यांवर लावायचं यंत्र. आंधळ्या माणसाला त्याचा काय उपयोग?’ प्रश्न रास्त आहे. पण विचारणाऱ्याच्या हातात जो फोन असतो, त्याच्याबद्दलही एकेकाळी असंच बोललं जात होतं. २००७ साली बटणांच्या जागी सपाट काच असलेला आयफोन आला, तेव्हा दृष्टिहीनांना वाटलं की आपला मोबाइल संपला. बोटाला लागेल असं त्यावर काही उरलंच नव्हतं. दोन वर्षांनी, २००९ मध्ये, ॲपलने आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ दिलं आणि अँड्रॉइडवर ‘टॉकबॅक’ आलं. काचेवर बोट फिरवलं की खाली काय आहे ते फोन बोलून सांगू लागला. आज अनेक दृष्टिहीन माणसं याच सपाट काचेवर बँकेचे व्यवहार करतात आणि रेल्वेचं तिकीट काढतात.

तेव्हा हेडसेटबद्दल आधीच ‘नाही’ म्हणून मोकळं व्हायला नको. आणि विक्रेते म्हणतात म्हणून ‘हो’ही म्हणायला नको. हे लिहिताना मी एक ठरावीक जागा डोळ्यांपुढे ठेवली आहे: गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातलं बोदलकसा. नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्याजवळचा मोठा तलाव, हिवाळ्यात येणारे पाणपक्षी, आजूबाजूला धानाची शेती. शहरातल्या प्रयोगशाळेत कुठलंही यंत्र चालतंच. इथे ते काय कामाचं, हे पाहायचं आहे. सोबत एक आजी घेऊ. त्या काल्पनिक आहेत, पण अशा आजी या भागात कुठल्याही गावात भेटतील. वय सत्तरीचं, उभं आयुष्य रोवणीत गेलेलं, आणि हल्ली ‘काही नीट दिसत नाही’ एवढीच तक्रार.

१. ‘दिसत नाही’ म्हणजे किती?

दिसणं आणि न दिसणं यांच्यामध्ये मोठा पट्टा असतो. त्या पट्ट्यावर आपल्या कायद्याने, म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने, खुणा केल्या आहेत. त्यासाठी दोन मापं वापरली आहेत.

पहिलं माप स्पष्टपणाचं. डॉक्टरांच्या कागदावर ६/१८ किंवा ३/६० असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ सोपा आहे. निरोगी डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून ओळखता येतं, ते ओळखायला एखाद्याला ३ मीटरपर्यंत जवळ यावं लागत असेल, तर त्याची नजर ३/६०. चश्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर याहून कमी असेल, तर कायद्याच्या भाषेत ते अंधत्व. ६/१८ पासून ३/६० पर्यंतचा टप्पा अल्पदृष्टीचा.

दुसरं माप घेराचं, आणि लोकांना ते सहसा ठाऊक नसतं. हे घरच्या घरी अजमावता येतं. हात समोर पूर्ण लांब करा आणि मूठ वळा. ती मूठ आडवी जेवढी जागा झाकते, ती साधारण १० अंशांची. निरोगी माणसाला दोन्ही डोळ्यांनी आडवा जवळजवळ १८० अंशांचा परिसर जाणवतो, म्हणजे अशा १८ मुठी. ज्याला चार मुठींपेक्षा कमी घेर दिसतो तो कायद्याने अल्पदृष्टी, आणि ज्याला एका मुठीपेक्षाही कमी दिसतो तो अंध. त्या एका मुठीतलं त्याला अगदी लख्ख दिसत असलं, तरीही.

हे कळलं की एक जुना अन्याय लक्षात येतो. एखादा माणूस वर्तमानपत्राचा मथळा वाचतो आणि लगेच दाराच्या चौकटीला धडकतो. लोक म्हणतात, ‘सोंग करतो.’ सोंग नसतं ते. मथळा त्याच्या मुठीत बसतो, चौकट बसत नाही.

आता कारणांकडे येऊ. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अंधत्वाचं प्रमाण ०.३६ टक्के आढळलं. पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण निघालं मोतीबिंदू: ६६.२ टक्के. म्हणजे तिघांपैकी दोघांचं अंधत्व शस्त्रक्रियेने दूर होण्यासारखं होतं. म्हणून हे आधीच सांगून टाकतो की मोतीबिंदूवर हेडसेट हा इलाज नाही. डोळ्यातलं भिंग गढूळ झालं असेल तर ते काढून नवं बसवावं लागतं, बस्स.

२. हेडसेट नेमकं करतो काय?

१९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसवायचा पहिला असा पडदा तयार केला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ हे नाव रूढ केलं ते जॅरन लॅनियर यांनी, १९८०च्या दशकात. आजचा हेडसेट अर्ध्या किलोच्या आसपास असतो. आत दोन्ही डोळ्यांसाठी छोटे पडदे, त्यांपुढे भिंगं, आणि डोकं कुठे वळलं हे मोजणारे संवेदक.

यातला कळीचा भाग पडदा नाही, संवेदक आहेत. टीव्हीसमोर तुम्ही मान वळवली तर टीव्ही बाजूला राहतो. हेडसेटमध्ये मान उजवीकडे वळवली की उजवीकडचं जग समोर येतं. हे होण्यासाठी यंत्राला फार थोडा वेळ मिळतो. मान वळणं आणि चित्र बदलणं यांत सुमारे २० मिलिसेकंदांहून, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून, जास्त वेळ गेला तर डोळे एक सांगतात आणि आतला कान दुसरंच. मग गरगरायला होतं.

म्हणजे आभासी वास्तवाची व्याख्या अशी करता येईल: तुमची हालचाल ओळखून त्याप्रमाणे बदलणारं, यंत्राने रचलेलं जग. या व्याख्येत ‘चित्र’ हा शब्द कुठे आला नाही, हे लक्षात घ्या. ते जग आवाजाचं असू शकतं, स्पर्शाचंही असू शकतं. पुढच्या सगळ्या गोष्टी यावरच उभ्या आहेत.

३. आजींचा पहिला फायदा, हेडसेट न लावता

आजींना मोतीबिंदू निघाला असं समजू. आभासी वास्तवाचा त्यांना मिळणारा सर्वांत मोठा फायदा त्यांच्या डोळ्यावर काहीही न लावता मिळतो. तो डॉक्टरांच्या हातातून येतो.

आपल्याकडच्या शिबिरांमध्ये आणि सरकारी रुग्णालयांमध्ये मोतीबिंदूची एक पद्धत फार वापरली जाते. डोळ्याच्या पांढऱ्या भागात ६-७ मिलिमीटरचा बोगद्यासारखा छेद घ्यायचा, गढूळ भिंग त्यातून बाहेर काढायचं आणि कृत्रिम भिंग आत सरकवायचं. छेद आपोआप मिटतो, टाका घालावा लागत नाही आणि महाग यंत्रही लागत नाही. या पद्धतीची पारख करण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० डोळ्यांवर तिची आणि यंत्राने भिंग फोडून शोषून घेण्याच्या ‘फेको’ पद्धतीची तुलना झाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्ही पद्धती सुरक्षित आणि परिणामकारक ठरल्या. सहा आठवड्यांनी बिनचश्म्याची नजर फेकोत थोडी सरस होती, इतकाच फरक.

पण पद्धत स्वस्त असली तरी हात शिकलेला लागतो. भिंगामागचा पडदा काही मायक्रॉन जाडीचा असतो, केसापेक्षा कितीतरी पातळ. शिकाऊ हाताचा जोर किंचित जास्त झाला की तो फाटतो, आणि मग शस्त्रक्रिया गुंतागुंतीची होते. पूर्वीपासून हात बसायचा तो बकऱ्याच्या डोळ्यावर, आणि नंतर सरळ माणसाच्या.

इथे आभासी डोळा कामाला येतो. शिकणारा डॉक्टर सूक्ष्मदर्शकासारख्या दुर्बिणीतून बघतो आणि हातात खरीखुरी वाटणारी अवजारं धरतो. डोळा संगणकातला असतो, पण अवजार टेकलं की हाताला विरोध जाणवतो. मऊ भागाला मऊ, कडक भिंगाला कडक. पडदा फाटला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कोणाचंही नुकसान नाही. ‘हेल्पमीसी’ ही संस्था बिनटाक्याच्या याच शस्त्रक्रियेचं असं प्रशिक्षण देते आणि तिचं एक प्रशिक्षण केंद्र मुंबईत आहे. असं प्रशिक्षण खरंच उपयोगी पडतं का? ब्रिटनमधल्या शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा दिसलं की पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊ डॉक्टरांच्या हातून मागचा पडदा फाटण्याचं प्रमाण २००९ मध्ये ४.२ टक्के होतं, ते २०१५ मध्ये २.६ टक्क्यांवर आलं. या काळात तिथे ‘आयसी’ नावाच्या आभासी यंत्रावरचा सराव सुरू झाला होता, आणि ज्यांना तो मिळाला त्यांच्यातच ही घट ठळक होती. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत दमदार गोष्ट. जाहिरातीत मात्र ती दिसत नाही, कारण तिच्यात गॉगल लावून हसणारा रुग्ण नसतो.

४. कडेकडेने ओसरणारी नजर

मोतीबिंदू काढला, तरी समजा आजी अजूनही धडकतात. अक्षरांचा तक्ता मात्र नीट वाचतात. आता संशय काचबिंदूचा.

धानाच्या बांधीतलं पाणी ओसरतं तेव्हा कडेच्या उंच भागावरचं आधी जातं आणि मधल्या खोलगट जागेत शेवटपर्यंत टिकतं. मध्ये उभं राहून बघणाऱ्याला बांधी भरलेलीच वाटते. काचबिंदूत नजरेचं साधारण असंच होतं. डोळ्यातल्या वाढलेल्या दाबामुळे, आणि काही वेळा दाब नेहमीइतका असूनही, मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूंचा ऱ्हास होत जातो. मधली नजर शाबूत असल्याने माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली मात्र औषधाने किंवा शस्त्रक्रियेने टिकवता येते. म्हणून वेळेत मोजणं हाच अर्धा इलाज.

ही मोजणी कशी करतात? रुग्णाला एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवतात. एक डोळा झाकतात. मधल्या खुणेवर नजर ठेवायची आणि आजूबाजूला कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. कुठले ठिपके दिसले आणि कुठले नाही, यावरून नजरेचा नकाशा तयार होतो. त्यासाठी अंधारी खोली लागते, जड यंत्र लागतं, आणि ताठ बसू शकणारा रुग्ण लागतो. असं यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात नसतं. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जावं लागतं. आजींसाठी याचा अर्थ तिरोड्याहून पुढे गोंदिया, सोबतीला घरातलं कोणीतरी, आणि त्याची एका दिवसाची मजुरी बुडालेली.

हेडसेट हे काम डोक्यावरच करू शकतो. अंधारी खोली त्याच्या आतच असते. प्रत्येक डोळ्याला वेगळा पडदा असल्याने दुसरा डोळा बांधावा लागत नाही. नजर मधल्या खुणेवरून हलली तर बुबुळावर लक्ष ठेवणारा कॅमेरा ते टिपतो. खाटेवर पडलेल्या माणसाचीही तपासणी होते आणि सगळा सरंजाम एका पेटीत मावतो. चेन्नईच्या एलिसार कंपनीने असं यंत्र भारतातच तयार केलं असून वाडग्याच्या प्रचलित ‘हम्फ्री’ यंत्राशी त्याची तुलना करणारे अभ्यासही प्रसिद्ध झाले आहेत.

तरी दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, वाडग्याच्या यंत्रातला प्रकाश आणि हेडसेटच्या छोट्या पडद्यावरचा प्रकाश सारखा नसतो. म्हणून या वर्षीचा नकाशा एका यंत्रावर आणि पुढच्या वर्षीचा दुसऱ्यावर काढून ‘नजर कमी झाली’ असा निष्कर्ष काढू नये. दुसरी अगदी साधी. हेडसेट एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर जातो. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची साथ कशी पसरली ते आठवत असेलच. प्रत्येक रुग्णानंतर पुसणं आणि चेहऱ्याला लागणारी गादी बदलणं, याची सोय नसेल तर शिबिरात हेडसेट आणूच नये.

याच भागाशी निगडित आणखी एक गोष्ट. गोंदियासह पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेलमध्ये डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) कडेच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडू शकतात, तेही तरुण वयात. त्याचं निदान मात्र बाहुली मोठी करून आतला पडदा तपासूनच होतं. ठिपक्यांच्या चाचणीवर तिथे विसंबता येत नाही.

५. उरलेल्या नजरेला हात

अल्पदृष्टी असलेल्यांसाठी हेडसेट म्हणजे डोक्यावरचं बहुगुणी भिंग. समोरचं मोठं करतो, काळं-पांढरं ठळक करतो, कडा रेषांनी आखून दाखवतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ‘सीइंगव्हीआर’ नावाने अशी १४ साधनं तयार केली, ती आभासी जगाच्या आत वापरण्यासाठी. त्यातलं एक मला विशेष आवडतं: घेर आकसलेल्या माणसासाठी आजूबाजूच्या सगळ्या दृश्याची छोटी आवृत्ती मधल्या शाबूत नजरेत आणून ठेवायची. मात्र मोठं केलेलं चित्र बघत चालायला गेलात तर पडाल. हे बसून वापरायचं साधन आहे.

लहान मुलांतल्या ‘आळशी डोळ्या’साठी अमेरिकेत २०२१ मध्ये ‘ल्युमिनोपिया’ या हेडसेट-उपचाराला मान्यता मिळाली. मूल त्यात कार्टून बघतं, पण दोन डोळ्यांना चित्राचे वेगवेगळे भाग दाखवले जातात, त्यामुळे आळशी डोळ्याला कामाला लागावंच लागतं. १०५ मुलांच्या चाचणीत १२ आठवड्यांनी या मुलांची नजर तक्त्यावर सरासरी १.८ ओळींनी सुधारली. नुसता चश्मा वापरणाऱ्यांची ०.८ ओळीने. पण हा दोष चार-पाच वर्षांच्या वयात कोणीतरी ओळखायला हवा. ते काम अंगणवाडीत आणि शाळेच्या तपासणीत होतं.

६. कानाने उभं केलेलं जग

आता मूळ प्रश्न. ज्याला अजिबात दिसत नाही, त्याचं काय?

बोदलकशाच्या तलावाकाठी पहाटे डोळे मिटून उभं राहा. टिटवी ओरडली की ती डावीकडे आहे की उजवीकडे, हे लगेच कळतं. कसं? आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आपल्या दोन कानांमधलं अंतर सुमारे २० सेंटिमीटर. म्हणजे अगदी डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला ०.२ भागिले ३४०, सुमारे ०.०००६ सेकंद उशिरा पोचतो. एवढासा फरक मेंदू ओळखतो. शिवाय डोक्याच्या आडोशामुळे दूरच्या कानाला आवाज किंचित कमी येतो, आणि वरून आला की खालून, हे कानाच्या पाळीच्या वळणांवरून उमगतं. संगणक हे सगळे फरक मोजून दोन इअरफोनमध्ये भरू शकतो. त्यात मान वळल्याची जाण मिसळली की झालं: तुम्ही वळलात तरी टिटवी जिथल्या तिथे राहते.

याचा उपयोग करमणुकीपुरता नाही. अमेरिकेत लॉटफी मेराबेट आणि चिलीचे हाइमे सांचेझ यांच्या गटाने एका खऱ्या इमारतीची ध्वनी-प्रतिकृती केली. अंध व्यक्तींनी ती संगणकावर कानांनी खेळायची. खोल्यांत लपवलेली रत्नं गोळा करायची, राक्षसांना चुकवायचं. इमारत शिकवतोय असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मग त्यांना त्या प्रत्यक्ष इमारतीत नेलं. ती त्यांच्या पायांना ओळखीची निघाली, आणि खेळातून शिकलेली माणसं जवळचे रस्ते शोधण्यात ठरावीक मार्ग पाठ करून शिकलेल्यांपेक्षा सरस ठरली. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकही हेडसेट नव्हता. संगणक, कळफलक आणि हेडफोन एवढंच.

स्पर्शाची जोड दिली २०१८ मधल्या ‘केनट्रोलर’ने. हातात काठीची मूठ आणि कमरेला बांधलेलं, काठीला लगाम घालणारं यंत्र. आभासी भिंतीला काठी लागली की हात खरंच अडतो, फरशी बदलली की थरथर बदलते, टकटक कानात येते. चाचणीतल्या नऊ दृष्टिहीनांपैकी आठ जणांना त्याच्या साहाय्याने आभासी खोलीत वावरता आलं. वर्दळीचा रस्ता ओलांडण्याचा सराव अशा काठीने बिनधोक करता येईल. पण रोजच्या रस्त्यावर चालायला खरी पांढरी काठीच लागते. दिल्लीच्या आयआयटीत तयार होऊन २०१४ मध्ये आलेली ‘स्मार्टकेन’ तीन मीटरपर्यंतचा अडथळा ध्वनिलहरींनी हेरते आणि मूठ थरथरवून सांगते. तिला आभासी जगाची गरज नाही.

आता आरोग्याकडे वळू. आभासी वास्तवाचा वैद्यकातला सर्वांत गाजलेला प्रयोग ‘स्नोवर्ल्ड’. वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी तो भाजलेल्या रुग्णांसाठी केला. पट्टी बदलताना रुग्णाने हेडसेट लावायचा आणि बर्फाच्या दरीतून जात पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकायचे. लक्ष तिकडे गुंतलं की वेदना कमी जाणवते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेने कंबरदुखीवरच्या एका हेडसेट-उपचारालाही परवानगी दिली. पण या सगळ्यात लक्ष गुंतवतं ते चित्र. भाजलेला रुग्ण दृष्टिहीन असेल तर त्याला ही बर्फाची दरी नाहीच.

ती असायला हवी, आणि ती करणं अवघडही नाही. बोदलकशाची पहाट चारही दिशांनी ध्वनिमुद्रित करता येते. रुग्णाने मान वळवून पक्षी कुठे आहे ते शोधायचं, सापडला की बटण दाबायचं. पट्टी बदलेपर्यंत दहा-बारा पक्षी होतील. वेदनेवर याचा किती परिणाम होतो हे मोजावं लागेल, पण मोजण्याजोगं आहे. वैद्यकीय महाविद्यालय गोंदियात २०१६ पासून आहे आणि तलाव त्याच जिल्ह्यात.

उलट्या दिशेचा एक प्रयोग मात्र जपून करावा: डोळस माणसाला पाच मिनिटं ‘अंध’ करून दाखवण्याचा. त्याला त्या पाच मिनिटांत फक्त भीती कळते. वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेलं कौशल्य कळत नाही. असा अनुभव घेतलेले लोक अंधांना आधीपेक्षा कमी सक्षम समजू लागतात, असं अभ्यासांत दिसलं आहे.

७. पहिल्याच पायरीला अडखळ

वर सांगितलेलं सगळं उपलब्ध आहे असं धरलं तरी एक अडचण उरते. यंत्र सुरू करायचं कसं? बहुतेक हेडसेट सुरू होताच हवेत तरंगती यादी दाखवतात आणि किरण रोखून निवड करायला सांगतात. ती यादी कोणी वाचून दाखवत नसेल, तर आतला ध्वनी-खेळ कितीही उत्तम असो, दृष्टिहीन माणूस तिथपर्यंत पोचतच नाही. काही यंत्रांत तर नजर हीच निवडीची खूण असते. बुबुळं सतत हलणाऱ्या किंवा कृत्रिम डोळा असलेल्या माणसाने काय करावं? २०२४ मध्ये आलेल्या ॲपल व्हिजन प्रोमध्ये यावर तोड आहे: स्क्रीन वाचणारं व्हॉइसओव्हर आहे, आणि डोळ्यांऐवजी डोकं, मनगट किंवा बोट वापरून खूण करता येते. म्हणजे हे जमतं. किंमत मात्र लाखांत.

हीच अडखळ आरोग्यसेवेत सगळीकडे आहे. रुग्णालयात टोकनचा आकडा पडद्यावर झळकतो, बोलला जात नाही. ॲपवर डॉक्टर गाठायचा तर तिरकी-वाकडी अक्षरं ओळखायला सांगतात. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० प्रमुख औषधांच्या वेष्टनावर क्यूआर किंवा बारकोड बंधनकारक झाला. फोनने तो टिपून औषधाचं नाव आणि मुदत वाचता येते. उत्तम सोय, फक्त तो कोड वेष्टनावर कुठे आहे हे बोटाला कळेल अशी खूण नको का?

कायदा या बाबतीत दृष्टिहीनांच्या बाजूने आहे. २०१६च्या अधिनियमात रुग्णालयांच्या सर्व भागांत विनाअडथळा प्रवेशाची तरतूद आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, राजीव रतुरी यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असं बजावलं. ३० एप्रिल २०२५ रोजी याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या खटल्यातल्या याचिकाकर्त्यांमध्ये ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती होत्या आणि एक पूर्णतः दृष्टिहीन नागरिकही. ओळख पटवण्यासाठी ‘डोळे मिचकावा’ म्हणणारं यंत्र त्यांना अडवत होतं. हेडसेटमधून आरोग्यसेवा द्यायची असेल तर तिलाही हाच नियम लागू व्हायला हवा.

८. मग बोदलकशात काय करायचं?

मला विचाराल तर क्रम असा लावीन. आधी पन्नाशीपुढच्या प्रत्येकाची नजर मोजणं आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. त्यासाठी सरकारी कार्यक्रम १९७६ पासून आहे. घरात कोणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि मागची नस तपासून घेणं. मुठीने घेर अजमावलात तरी ती तपासणी नव्हे, हेही ध्यानात असू द्या. मग तालुक्याच्या ठिकाणी घेर मोजणारा एक हेडसेट, मराठीत बोलणारा, आवाज मोठा करता येणारा. कारण सत्तरीतल्या आजींना कमी दिसतं तसं कमी ऐकूही येतं. आणि ज्यांची नजर परत येणार नाही त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयाचा ध्वनी-नकाशा, साध्या फोनवर चालणारा: दरवाजा, केसपेपरची खिडकी, नेत्र विभाग, औषधाचं दुकान. आजी घरी बसून कानांनी दोन-चार फेऱ्या मारून येतील आणि प्रत्यक्ष जातील तेव्हा नातवाचा हात सोडून चालायची हिंमत करतील. यातल्या शेवटच्या गोष्टीला खर्च सर्वांत कमी आणि ती करणारं मात्र अजून कोणी पुढे आलेलं दिसत नाही. संगणकाच्या विद्यार्थ्यांना वर्षअखेरीच्या प्रकल्पासाठी विषय हवाच असतो, हा घ्यावा.

आणि तुमच्या गावात, शाळेत किंवा रुग्णालयात कोणी हेडसेट विकायला आलं, तर त्याला पडदा बंद करून प्रात्यक्षिक दाखवायला सांगा. त्यानंतर जे ऐकू येईल आणि हाताला लागेल, तेवढ्यासाठीच दृष्टिहीनांच्या नावाने पैसे मोजा.